पावणेतीन टन

विलाविसेन्सिओच्या विमानतळावर माझं काम एकच :
वजन करणं.
माणसांचं, कोंबड्यांचं, बिअरच्या खोक्यांचं,
एकदा एका शवपेटीचं, आतल्यासकट,
कारण म्हाताऱ्याला जिता-मेला भेद कळत नाही,
त्याला कळतात किलो.

पावणेतीन टन. त्यावर एक लिंबूसुद्धा नाही.
पलीकडे जंगल आहे, रस्ता नाही.
नदी आहे, पण कोरड्या महिन्यांत
तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त.
पुएर्तो सिरिरीला मीठ पोचायचं
तर ते ह्याच दोन पंख्यांच्या म्हाताऱ्यानं न्यायचं.

त्रेचाळीस साली कुठल्याशा लढाईसाठी घडवला त्याला.
लढाई संपल्याचं त्याला कुणी सांगितलं नसावं.
शेपूट जमिनीला टेकवून, नाक वर करून उभा असतो.
आत शिरलं की चढणच लागते,
पुढच्या रांगेपर्यंत जाताना
बायका गुडघ्यावर हात ठेवतात.

ओव्हिदिओ मेकॅनिक सोबतच उडतो,
खिशात पान्हा, मांडीवर तेलाचा डबा.
पहाटे तो पंख्याचं पातं हातानं ओढतो,
मोजतो, थांबतो, पुन्हा ओढतो,
मनगट धरून नाडी पाहावी तसं.
‘‘तेल गळतंय,’’ नवी को-पायलट लिसेथ पहिल्या दिवशी म्हणाली.
‘‘गळतंय म्हणजे आहे.
गळायचं थांबलं की मला हाक मार.’’

जुलैत राजधानीतून दोन साहेब आले.
म्हणाले, विमानाचं वजन करा.
मला हसूच आलं.
सव्वीस वर्षं ह्याच्या पोटात जाणारं सगळं मी तोललं,
ह्यालाच तोलायचं राहिलं होतं.

तीन चाकांखाली तीन काटे सरकवले.
कागदावरच्या आकड्यापेक्षा
एकशे चाळीस किलो जास्त.

ओव्हिदिओनं टोपी काढली, पुन्हा घातली.
मग आम्ही तळाच्या फळ्या उचकटल्या.
खाली तांदूळ, कसाव्याचं दगड झालेलं पीठ, पिसं.
चलनातून गेलेली नाणी.
जपमाळेचे सात मणी. एक दुधाचा दात.
पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी,
ती लिसेथनं वाचली, घडी घातली
आणि होती तिथेच ठेवून दिली.
बाकी सगळी धूळ, तांबडी, कुठल्या कुठल्या गावांची.
पोत्यात भरून काट्यावर ठेवलं :
एकतीस किलो.

उरलेले एकशे नऊ?
रंग, साहेब म्हणाले. आठ मालकांचे आठ थर.
आणि ठिगळं.
असेल.
रात्री मी वहीत मांडून पाहिलं,
रंगाचे साठ, ठिगळांचे पस्तीस.
चौदा किलो कशात बसत नाहीत.
चौदा किलो म्हणजे तीन वर्षांचं पोर.
दिवा मालवला आणि झोपलो,
म्हणजे आडवा झालो.

आता तेवढा माल कमी.
डोन्या एदेल्मिराची चार खोकी मी खाली उतरवली.
‘‘मी कुणाचं वजन भरतेय?’’ ती कडाडली.
‘‘ह्या थेरड्याचं पोट सुटलं
म्हणून माझं दुकान उपाशी?’’
तिनं चपला काढल्या. कानांतले डूल काढले.
अंबाड्यातली पिन काढून
माझ्या तळहातावर ठेवली
आणि श्वास रोखून काट्यावर चढली.
‘‘आता बघ. एक खोकं तरी बसतंय का.’’

बसत नव्हतं.
मी जे दिसलं तेच लिहिलं.

ती मागं न बघता चढण चढून गेली,
डूल घालत, मला शिव्या देत.
डावं इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं,
मग उजवं.
पट्टी अर्धी सरली तेव्हा शेपूट उचललं,
आणि आवाज डोंगराकडून वळून
मैदानावर सपाट पसरत गेला,
बराच वेळ.

वही मिटताना लक्षात आलं,
पिन माझ्याच हातात राहिली होती.